ताटावरचा हात

वाढायला कोणी जवळ आलं की तो पहिले ताटावर हात ठेवायचा. पंजा पालथा, बोटं पसरलेली. तुपाचा चमचा असो की तिसरी रोटी, हात हलायचा नाही. वर हसून म्हणायचा, "बस, पोहोचलं."

मला राग यायचा. मी शाळेत फार गेलो नाही, पण वाढणाऱ्याला रिकामं परत पाठवायचं नसतं एवढं मला घरीच शिकवलं होतं. आणि हा माणूस तर आधी माझ्यापेक्षा जास्त खाणारा होता. गाडीत बसला की गाडी डावीकडे कलायची, असं शरीर.

तो काट्याचा मिस्त्री. जबलपूरच्या रिछाईतल्या एका लहान कारखान्यात वजनकाटे बनायचे. मंडीत, दालमिलमध्ये जाऊन ते काटे तपासायचे, बिघडले असतील तर नीट करायचे, हे त्याचं काम. गाडी माझी, भाड्याने लावलेली. आज शहपुरा, उद्या सिहोरा, परवा नरसिंहपूर. म्हणजे सकाळचे पोहे-जिलेबी रस्त्यावर, दुपारचं जेवण ढाब्यावर आणि संध्याकाळचे मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, कुठल्यातरी चौकात. त्याच्या पोटावरचं सगळं मांस या तीन जिल्ह्यांनी चढवलं होतं, असं तो स्वतःच म्हणायचा.

आणि एक दिवस हा हात सुरू झाला. ढाब्यावर बसताबसता हुकूम, "भैया, दाल बिना तड़के की. रोटी सूखी. और एक कटोरी दही." पान्हे आणि पेचकस ठेवायच्या पिशवीतून काकडी काढायचा, धुवायचा आणि माझ्यासमोर कचाकचा खायचा.

"काहून रे भाऊ," मी म्हटलं, "या वयात हिरो बनून राहिला काय?"

"हो ना काका. तुमच्या गाडीचे पाटे वाचवून राहिलो."

मी माझं ताट उचललं आणि दुसऱ्या खाटेवर जाऊन बसलो. आठ रोट्या खाल्ल्या, त्याला दिसतील अशा. त्याला काही फरक पडला नाही. पोट माझंच दुखलं.

खरं कारण मला कळलं ते त्याच्या फोनमुळे. हात काकडीच्या पाण्याने ओले होते म्हणून त्याने फोन खाटेवर ठेवून मोठ्या आवाजात लावला. पलीकडे त्याची बायको.

"काय खाल्लं?"

"दाल, दोन रोट्या, काकडी."

"तूप?"

"हात ठेवला होता."

"उपाशी नका राहू हो माझ्यासाठी."

"उपाशी कुठे? काका आहेत ना सोबत, त्यांना पाहूनच पोट भरते."

फोन ठेवल्यावर मी विचारलं. त्याने लपवलं नाही. वहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करायला जावं लागत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी याची किडनी तपासली, जुळली. पण एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणार नाही म्हणाले. ऐंशी किलोच्या आत या, मग बोलू.

"म्हणजे माझ्या पोटामुळे ती मशीनवर आहे," तो म्हणाला आणि उरलेली काकडी खाऊ लागला.

मी ताट घेऊन परत त्याच्या खाटेवर आलो. माफीबिफी मागितली नाही, मागायची सवय नाही. फक्त जवळ बसलो.

तुम्ही असे वजन कमी करणारे पुष्कळ पाहिले असतील. घरी भाकरी-भाजी आणि बाहेर पडले की 'आजचा दिवस सोडा'. याला सोडायला दिवसच नव्हता, कारण हा रोजच बाहेर. लग्नाचं आमंत्रण असलं तर अधारतालच्या घरून खाऊनच निघायचा. गाडीच्या खणात फुटाण्यांची पुडी. कोणतंही गाव जवळ आलं की म्हणायचा, "काका, मला इथे उतरवा," आणि उरलेला रस्ता चालत. मी मागून हळूहळू गाडी चालवायचो. लोकांना वाटायचं आमचं भांडण झालं. शहपुऱ्यात एकाने मला हात जोडून सांगितलं, "जाने दो दादा, बिठा लो बेचारे को."

मिलवाल्यांपुढे मात्र त्याची खरी परीक्षा. आपल्याकडे पाहुण्याने नाही म्हटलं की वाढणारा समजतो, लाजून राहिला. एका शेठने त्याचा हात धरून बाजूला करायला पाहिलं. "अरे भैया, हमारे यहाँ से भूखे जाओगे?"

"भूखे नहीं शेठजी," हा म्हणाला, "हल्के जाएँगे."

शेठ एवढा हसला की चमच्यातलं तूप माझ्याच पॅन्टवर सांडलं.

एकदा मात्र तो घसरला. खव्याची जिलेबी जबलपूरच्या माणसासमोर ठेवल्यावर तो घसरणार नाही, असं कसं होईल? गरम होती, काळपट, पाकातून नुकती काढलेली. मी काही म्हणायच्या आत पाव किलो संपली. बोटं चाटून झाली आणि मग तोंड उतरलं. मी म्हटलं, घरी कशाला सांगतोस? त्याने माझ्यासमोरच फोन लावला. "खाल्ली. पाव किलो." वहिनी हसत असाव्यात, कारण हाही हसला. दुसऱ्या दिवशी काकडी पुन्हा पिशवीत. "काटा एकदा चुकला म्हणून फेकून देतो काय काका? पुन्हा शून्यावर आणायचा."

त्याचं वजन काही घरच्या काट्यावर होत नव्हतं. मिलमधला काटा नीट झाला की तो स्वतः त्यावर उभा राहायचा. पण आधी कधीच नाही. आधी काटा खरा करायचा, मग माणूस चढवायचा.

एका मिलमध्ये त्याने अजून तपासायच्या काट्यावरचं पोतं ओढून खाली टाकलं आणि त्या झटक्यात चुकून दोन्ही पायांनी वर चढला. मी आकडा पाहिला. एकोणऐंशी!

"झालं!" मी ओरडलो. "उतर खाली, वहिनींना फोन लाव!"

त्याचा हात खिशाकडे गेला, फोनला लागला आणि तिथेच थांबला. खाली उतरून त्याने तपासणीची लोखंडी वजनं आणली, वीस-वीस किलोची चार. एकेक करून ठेवली. ऐंशी दिसायला पाहिजे, काट्यावर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे हा अजून एक्याऐंशीचाच.

तो थोडा वेळ वजनांजवळच उकिडवा बसला. तेवढंच.

मला मात्र सहन झालं नाही. "कोण पाहून राहिलं आहे? फोन करून टाक. बिचारी खूश होईल."

"खूश होईल काका, आणि नागपूरला जाऊन रडेल." त्याने पेचकस उचलला. "त्यांच्याकडे पण काटा आहे. माझ्यासारख्याच कोणीतरी लावला असेल."

त्यानंतर तो आणखी काही आठवडे चालला आणि मी गाडी घेऊन त्याच्या मागे. मग एका सकाळी नागपूरला जायला तो वहिनींना घेऊन आला. बारीक बाई, मागच्या सीटवर उशीला टेकून बसल्या. हा पुढे बसला तर गाडी हलली पण नाही. त्याच्या वजनाने सीटमध्ये पडलेला खड्डा तेवढाच होता आणि तो त्यात कुणीतरी दुसरा बसल्यासारखा दिसत होता.

नागपूरच्या दवाखान्यात सिस्टरने त्याला काट्यावर बोलावलं. याने पिशवीतून पाच किलोचं लोखंडी वजन काढलं.

"हे काय आणलं दादा?"

"पहिले याला मोजू सिस्टर."

"आम्ही इथं भाजी नाही विकत हो!"

रांगेतले लोक हसले. याने वजन ठेवलं. पाच म्हणजे पाच. मग चप्पल काढली, फोन आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि वर उभा राहिला. आकडा ऐंशीच्या आत होता. तो ओरडला नाही. बाकावर बसलेल्या वहिनींकडे वळला, हवेतच पंजा पालथा धरला आणि म्हणाला, "पोहोचलं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी बाहेर गाडी पाहायला गेलो. गाडीला काही झालं नव्हतं.

ऑपरेशन झालं, दोघं बरे आहेत. पण तपासणीसाठी सारखं यावं लागतं म्हणून ते नागपुरातच वहिनींच्या भावाकडे राहिले. तिथे काट्याच्या एका दुकानात तो बसून काम करतो. फिरणं संपलं. माझ्यासोबत आता नवा मिस्त्री येतो. चांगला आहे, भरपूर खातो. मला असा खाणारा माणूस आवडतो.

परवा शहपुऱ्याच्या रस्त्यावर, त्याने पहिल्यांदा ताटावर हात ठेवला त्याच ढाब्यावर बसलो होतो. ढाबेवाला तिसऱ्या रोटीवर तूप घालायला आला आणि माझा हात ताटावर गेला. पालथा, बोटं पसरलेली.

"क्या हुआ दादा?" तो घाबरून म्हणाला. "तबियत ठीक नहीं?"

"एकदम ठीक है," मी म्हटलं. "डालो."

आणि हात बाजूला घेतला. थोडा उशिराच.