नळाचा एक रुपया

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ जागोजाग चुकणार, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. एक अक्षर मात्र चुकणार नाही, 'पाणी'तला ण. तो मला बाबूजींनी शिकवला.

बाबूजी आमच्या गावच्या नगरपालिकेत हिशेबाचे बाबू होते. मी तिथे पाणी भरायला होते. दहाच्या आत माठ भरायचे, पेले विसळायचे आणि कोणाच्या नजरेत न येता पायरीवर बसायचं. मला माणसांशी बोलायची भीती वाटे. आमच्या मोहल्ल्याला नळ द्या असा अर्ज मी लिहिला, तोसुद्धा त्यांच्या टेबलावर ठेवून पळत होते. त्यांनी हाक मारली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,

"बाई, पानी नाही, पाणी. बाणाचा ण. न लिहिलं तर मंजूर होत नाही."

मला ते खरंच वाटलं. रात्रभर काळजी करून दुसऱ्या दिवशी नवा अर्ज नेला. ते हसले आणि दोन्ही अर्ज फाईलला लावले. कागद फेकायची त्यांना सवय नव्हती.

आमचा मोहल्ला बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे लहान तलाव. मासे धरून जगणारी चौतीस घरं. चैतात बोडीत गाळ उरे आणि बाया बाजारातल्या विहिरीवर घागरी घेऊन जात. मी ऑफिसच्या नळावर दिवसभर साहेबलोकांचे माठ भरायची आणि घरी रिकामी जायची. हे बाबूजींनीच पाहिलं. म्हणाले, "जाताना एक घागर ने. बजेटात बसते."

वर्गणीचा नियमही त्यांनीच सांगितला. मोहल्ल्यानं पाव खर्च भरला तर नळाचं नाव बजेटात चढतं. घरामागे अकरा रुपये. ऑफिसात काम करते म्हणून बायांनी मला पुढे केलं. जी मी शेजारणीकडे मीठ मागायला लाजायची, ती दारोदार फिरले. शेजारच्या आजीनं अंड्यावर बसलेली कोंबडी विकली. तीनशे चौऱ्याहत्तर रुपये बाबूजींच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पावती लिहिली. अक्षर असं, की पावतीसुद्धा पूजेत ठेवावी.

आणीबाणी उठली ते वर्ष. बजेटाची सभा झाली. बाबूजी पायरीवर आले.

"बाई, चढलं नाव. एक रुपया."

"एक रुपयात नळ येते जी?"

"येत नाही. पण एक रुपया ठेवला म्हणजे काम जिवंत राहते. शून्य पडलं की मेलं."

पुढच्या वर्षी एक रुपया. त्याच्या पुढच्या वर्षी एक रुपया. सभा संपली की ते पायरीवर यायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "जिवंत आहे." मी मोहल्ल्यात जाऊन तेच सांगायची. आधी बाया ऐकून घेत. मग हसू लागल्या. मग विहिरीवर माझं नावच पडलं.

"काय वं नळवाले, आज किती घागरी सोडल्या तुया नळानं?"

"तिले काहून विचारता? तिची घागर तर ऑफिसात भरते!"

मी ऑफिसातली घागर आणणं बंद केलं. विहिरीवर जाऊ लागले, तेही सगळ्या गेल्यावर. तुम्ही कधी असं भर उन्हात, विहीर रिकामी व्हायची वाट पाहत उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल.

त्याच काळात मोठ्या सडकेवर स्वागताची कमान झाली. मंत्री येणार होते. आले नाहीत. नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या राईस मिलसमोर चार दिवे लागले. आमचा एक रुपया जिवंत होता.

एक दिवस मी सगळी भीती गिळून म्हटलं, "बाबूजी, नळ नाही तर नाही. बायांचे पैसे वापस द्या. मले तोंड दाखवता येत नाही."

त्यांनी खतावणी उघडून माझ्यासमोर फिरवली. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. आमची वर्गणी अनामत खात्यातून निघून कमानीच्या खर्चात गेली होती.

"अध्यक्षायचा हुकूम होता."

"लिहिलं कोणं?"

"मीच."

ते सांगायची गरज नव्हती. इतकं सुंदर अक्षर ऑफिसात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. त्या दिवशी मला त्या अक्षराची किळस आली.

काही वर्षांनी बाबूजी रिटायर झाले आणि साकोलीला मुलाकडे राहायला गेले. त्यानंतरच्या पहिल्याच बजेटात आमच्या नावापुढे शून्य होतं. एक रुपया ठेवायचंही कोणाला सुचलं नाही.

मग बाबूजी दर महिन्याला बसनं येऊ लागले. पेन्शन घ्यायची आणि स्टँडवरच्या चिंचेखाली बसायचं. मला निरोप यायचा, तीन बाया घेऊन ये. महिन्याला तीन घरं, अकरा-अकरा रुपये, स्वतःच्या पेन्शनीतून. नोकरीत असताना ते मला 'तू' म्हणत. आता 'तुम्ही' म्हणू लागले. प्रत्येकीकडून पावतीवर अंगठा घेत. शेजारची आजी म्हणाली, "कोंबडीची पिल्लं कोण देईन?" त्यांनी मान खाली घातली आणि अंगठा घेतला. मी म्हटलं, सगळ्यांचे होऊ द्या, माझे शेवटी.

तेहेतीस घरं झाली. तेवढ्यात नवे अध्यक्ष निवडून आले. बाया म्हणाल्या, नवा माणूस आहे, नळ मागून पाहू. मीही मागे उभी राहिले. नव्या बाबूनं फाईल काढली. तीत बाबूजींच्या अक्षरातल्या तेहेतीस पावत्या होत्या. 'रक्कम मिळाली. नगरपालिकेकडे काही येणे नाही.'

"पैसे तर वापस झाले तुमचे," तो म्हणाला. "आता कायचा नळ?" मग यादीवर बोट फिरवून म्हणाला, "एकीचे बाकी आहेत फक्त."

ती एकटी मी होते.

पुढच्या महिन्यात चिंचेखाली मी विचारलं, "बाबूजी, पावत्या ऑफिसात काहून दिल्या?"

"पावती लावल्याशिवाय खर्च दाखवता येत नाही, बाई."

"खर्च तर तुमचा होता जी."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग परत खाली घेतला. खरंच, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पैसा खाल्ला कोणी, भरला कोणी, आणि सुटलं कोण! त्यांच्या चांगुलपणानं आमची तोंडं बंद झाली होती.

"माझे अकरा राहू द्या," मी म्हटलं. "ते बाकी आहेत तवरिक नळ जिवंत आहे."

आपलंच बोलणं माझ्या तोंडून ऐकून ते हसायला गेले. त्यांना हसता आलं नाही.

मग दर महिन्याला एवढंच. "बाई, आज घेता?" "नाही जी." ते एक बोट वर करत आणि साकोलीची बस धरत. रागातही मी त्या बोटाची वाट पाहत असे.

एका महिन्यात ते आले नाहीत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांची बायको एकटी माझं घर विचारत बोडीच्या पाळीवर आली. कपाळ मोकळं होतं. मी पाणी दिलं. ते गढूळ होतं, तरी तिनं पेला रिकामा केला.

"त्यायच्या कोटात होतं," तिनं पाकीट पुढे केलं. "शेवटी तेच म्हणून राहिले होते, एकीचे राहिले, एकीचे राहिले. घ्या वो बाई."

दहाची नोट, एकाची नोट आणि लिहून ठेवलेली पावती. 'रक्कम मिळाली' एवढंच होतं. 'काही येणे नाही' ही ओळ त्यांनी लिहिली नव्हती. तिची जागा कोरी ठेवली होती.

मला नाही म्हणायचं होतं. पण ज्यांना मी नाही म्हणत होते, ते आता नव्हते. त्या कोऱ्या जागेत मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'पाण्याच्या नळाचे अकरा रुपये मिळाले.' ण बाणाचा काढला. तपासायला कोणी नव्हतं.

चौतीस घरं, तीनशे चौऱ्याहत्तर रुपये. सगळे फिटले.