पंधरा नंबरचं चित्र

पद्माकर सबनीस हा छपाईचा माणूस. पुण्यात छपाईचं तंत्र शिकला, नोकरीसाठी सिंगापूरला आला, आणि तुआसच्या एका कारखान्यात बिस्किटांच्या खोक्यांवर चारही रंग नेमके एकावर एक बसलेत की नाही, हे भिंगातून बघण्यात त्याची वीस वर्षं गेली. त्यामुळे २०१४ साली जुन्या पुस्तकांच्या दुकानात अमेरिकेतल्या एका विनोदी साप्ताहिकाचा, १८८०च्या सुमाराचा बांधलेला खंड हाती लागला, तेव्हा विनोद त्याला दिसलाच नाही. दिसले ते रंग. दगडावर उलटं चित्र काढायचं, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि दर आठवड्याला हजारो प्रती!

"एकही रंग केसभरसुद्धा सरकलेला नाही गं," घरात पाऊल टाकताच तो बायकोला म्हणाला. नीताने चष्मा लावून पाहिलं.

"छान आहे. पण हा ढेरपोट्या कोण?"

झालं! त्या प्रश्नाने पद्माकरला झपाटलं. जुरोंग ईस्टच्या लायब्ररीतून अमेरिकेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं घरी येऊ लागली. ढेरपोटे म्हणजे रेल्वेचा नि तेलाचा मक्ता धरून बसलेले शेठजी. त्यांच्या पायाशी बाहुल्यांएवढे पुढारी. वाचकाचा गोंधळ नको म्हणून चित्रकार पोटावर, टोपीवर, अगदी कुत्र्याच्या पट्ट्यावरही नावं लिहून टाकायचे: ‘मक्तेदारी’, ‘लाच’, ‘करदाता’. कारखान्याच्या बसमध्ये पद्माकर मोबाइलवर ही चित्रं सहकाऱ्यांना उलगडून दाखवायचा. निम्मे झोपायचे, निम्मे खरंच ऐकायचे. एका रविवारी तो असाच खंडात बुडालेला असताना नीताने त्याच्या शर्टाला चिठ्ठी टाचली: ‘भाजी आणायला गेलेला नवरा’. तो हसत हसत पिशवी घेऊन निघाला.

शेजारच्या फ्लॅटमध्ये मिसेस गो राहायच्या. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या चिनी बाई. पद्माकरचा हा नाद त्यांना लिफ्टमध्ये कळला. "घरात ठेवून काय करणार? आपल्या वस्तीच्या कम्युनिटी क्लबमध्ये मांडू," असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी क्लबच्या मॅनेजरला भेटूनही आल्या. पद्माकरने साहेबांची परवानगी काढून, कारखान्यात उरलेल्या जाड कागदावर वीस पानं मोठी करून छापली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नंबर घातला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मिसेस गो मदतीला आल्या. जेवणाच्या टेबलावर चित्रं लावता लावता त्या थांबल्या.

"चौदानंतर सोळा. पंधरा कुठाय?"

"ते... छपाईत नीट आलं नाही."

"तुमच्या छपाईत?"

कपाटामागे उभं करून ठेवलेलं चित्र पद्माकरने बाहेर काढलं. बोटीतून उतरलेल्या चिनी मजुराला एक धिप्पाड माणूस वेणी धरून परत समुद्रात लोटत होता. मजुराचा चेहरा उंदरासारखा. मागे एक चिनी दुकान, वर पाटी. ज्याचे चौदा नंबरच्या चित्रातले ढेरपोटे पद्माकरने डोक्यावर घेतले होते, त्याच चित्रकाराची सही खाली होती. छापताना त्याने आधी फक्त रंग पाहिले होते. मग चिनी माणसांची टर उडवणाऱ्या खालच्या दोन ओळी वाचल्या, आणि त्याला लाज वाटली होती.

मिसेस गोंनी भिंग मागितलं.

"ही पाटी बघा. चिनी अक्षरं म्हणून नुसत्या काड्या ओढल्यात. एकही अक्षर खरं नाही. इतकी नावं लिहिणाऱ्याला कुणाला विचारावंसंही वाटलं नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाटलंच. म्हणून लपवायचं? लावा ते. चौदाच्या शेजारीच लावा."

"कुणी तक्रार केली तर?" नीताने विचारलं.

"तर मी आहे ना तिथे!"

पद्माकरने त्या चित्रासाठी बारा ओळींचा मजकूर लिहिला. त्याच्या सोळा वर्षांच्या लेकीने, अश्लेषाने, तो वाचला. "बाबा, टू लाँग लाह," असं सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि दोनच वाक्यं ठेवली: ‘ही दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत. दोन्ही बघा.’

प्रदर्शनाला साठेक माणसं आली. दगडी छपाईवर पद्माकरने घोकून ठेवलेलं भाषण कुणी ऐकेना. सगळी गर्दी त्या दोन चित्रांपाशी. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ तावातावाने त्याच्याकडे आले. "हे असलं इथे कशाला? काढा आधी!" मिसेस गो पुढे झाल्या आणि होक्किएन या चिनी बोलीत बोलू लागल्या. पद्माकरला त्यातलं अक्षरही कळलं नाही. आजोबा चित्राकडे बोट दाखवायचे, बाई स्वतःच्या छातीवर हात ठेवायच्या. मग आजोबा वाकले, पाटीवरच्या काड्यांवरून बोट फिरवलं आणि एकदम हसले. बायकोला हाक मारून म्हणाले, "ये, वाचून दाखव मला!" जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘चित्र वाईट. छपाई चांगली.’

पुढचे काही रविवार पद्माकर तोच खंड पहिल्या पानापासून पुन्हा वाचत बसला, पण या वेळी सावकाश. कुणाला हसलंय, ते बघत. आयरिश मोलकरणी, काळे मजूर... आजवर भराभर उलटलेली कितीतरी पानं निघाली. त्यातली सहा त्याने छापायला काढली.

महिन्याभराने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, टॅम्पिनीसच्या क्लबचं बोलावणं आलं. या खेपेला आधी मिसेस गो बोलणार होत्या, मग पद्माकर. त्याने दगडी छपाईसाठी पंधरा मिनिटं मागितली. बाईंनी पाच दिली.