चाबाच्या पोरांचे केस

समजा, तुम्हाला चित्रकथेत पाच मुलं काढायची आहेत. पाचही एकाच वर्गातली, एकाच वयाची. अंगात पांढरा शर्ट, खाली तपकिरी हाफ पँट, पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. डोकं म्हणाल तर चहूबाजूंनी मशीन फिरवलेलं, वर नुसते खुंट. चौकट काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी. शर्टावर नाव भरलेलं असतं खरं, पण एवढ्याशा चौकटीत ते मुंगीसारखं दिसतं. आणि वाचकाला मात्र पहिल्या नजरेत कळलं पाहिजे की जिन्यावरून गडगडतोय तो कोण, ढकललं कोणी, आणि ‘मी नाही बुवा’ असा चेहरा करून उभा आहे तो कोण.

चाबा हे काम गेली अठरा वर्षं करते आहे. उत्तर थायलंडमधल्या लाम्पांगला, नदीकडच्या गल्लीत, आईच्या शिलाईच्या दुकानावरची खोली ही तिची जागा. तंत्रशाळेत ती इमारतींचे नकाशे काढायला शिकली, पण भिंती काढता काढता समासात पोरं काढू लागली आणि पुढे समासच वाढत गेला. बँकॉकच्या एका विनोदी मासिकात दर महिन्याला तिची दोन पानं असतात. नाव ‘शेवटचा बाक’. त्यातल्या ओइचा शर्ट कायम बाहेर लोंबतो, नातचे कान कपाच्या कानांसारखे, लेकचे मोजे घसरलेले, चोम काहीतरी चघळतोय आणि जोय सगळ्यांच्या अर्धं पाऊल मागे. या खुणांवर तिने अठरा वर्षं निभावून नेली.

मग संपादक धीरपोंगचा फोन आला.

“ताई, पोरं झकास आहेत. पण वाचक म्हणतात, ही आमच्या बापाच्या शाळेतली.”

“बापाची शाळा वाईट होती का?”

“ते बापालाच विचारायला हवं. पण आता शाळांनी केसांचे नियम सैल केलेत. पोरं झुलपं उडवत हिंडतात आणि तुमची अजून भादरलेली. या खेपेला त्यांना नवे केस द्या. नाहीतर वरचे साहेब ही पानं मांजरवाल्याला देणार म्हणतायत.”

मांजरवाला म्हणजे एक नवा मुलगा. तो बोलणारी मांजरं काढायचा आणि वाईट गोष्ट अशी की फार चांगली काढायचा. चाबाचं पोट त्या दोन पानांवर होतं. पण पोटाचं काय, खाली बसून बटणं लावूनही ते भरलं असतं. ओइ आणि नातला रोज सकाळी भेटायचं नाही, ही कल्पना तिला सोसेना.

तिने पाचांना पाच तऱ्हेचे केस दिले. एकाला कुरळे, एकाला कपाळभर, एकाला मागे वळवलेले. जेवणाला हाक मारायला आलेली आई कागदावर वाकली.

“हा कोण?”

“ओइ.”

“मग ओइ कुठे गेला?”

आईचं म्हणणं बरोबर होतं. घरात पाच पाहुणे आल्यासारखं वाटत होतं. खरी पोरं नियम सुटल्यावर काय करतात ते बघावं म्हणून चाबा दुसऱ्या दिवशी शाळेसमोर सावाटकाकांच्या सलूनमध्ये जाऊन बाकावर बसली. काकांनी तीस वर्षं साऱ्या गावाच्या पोरांचं एकच डोकं केलं होतं.

शाळा सुटली आणि पाच जण आत घुसले. हातात चिकट भाताच्या पुड्या आणि भाजलेल्या मांसाच्या काड्या. पुढारी होता ऑटो नावाचा.

“काका, आज डोकं सांभाळून. मला वेगळं हवंय. या माकडांसारखं नको.”

“तुझं डोकं वेगळंच आहे,” बूम म्हणाला. “आत काही नाही म्हणून हलकं आहे.”

“तू बोलू नकोस. तुझ्या आईने तुला ओळखलं नाही तर आमच्या घरी जेवायला येशील.”

ऑटोने मोबाइलवर एका गायकाचा फोटो दाखवला. केसांचा मधोमध भांग, दोन्हीकडे पडदे. काकांनी मान डोलावली आणि तसे केस कापले. मग बूमने दुसऱ्याच गायकाचा फोटो काढला. मधोमध भांग, दोन्हीकडे पडदे.

“हेच तर त्याला केलं रे,” काका म्हणाले.

“छे, काका. माझे पडदे जरा वर आहेत.”

तिसऱ्याचा फोटो एका नटाचा, चौथ्याचा फुटबॉलवाल्याचा. अर्ध्या-पाऊण तासात चार डोकी खुर्चीवरून उतरली, चारही तंतोतंत सारखी, आणि चौघं आरशात बघून एकमेकांना कॉपीबहाद्दर म्हणू लागले. चाबाने तोंडावर वर्तमानपत्र धरलं. तिची गोष्ट तयार झाली होती.

पाचवा राहिला होता. तान त्याचं नाव. तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, “काका, माझं नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे साफ? आता सक्ती नाही, बाळा.”

“माहितीये.”

काकांनी मशीन चालू केलं. चाबा वाट बघत होती, आता टोमण्यांचा पाऊस पडेल. पण ऑटोने नुसतं तानचं दप्तर खांद्याला अडकवलं, बूमने त्याच्या वाटणीची काडी कागदात गुंडाळून ठेवली, आणि चौघं उगाच पंख्याबद्दल बोलत राहिले. तान उतरला, डोक्यावरून हात फिरवला आणि पाचही जण ढकलाढकली करत बाहेर पडले.

घरी जाऊन चाबाने एका बैठकीत पानं काढली. नियम सुटतो, पाच जण वेगळं दिसण्याची शपथ घेतात आणि चार जण एकच डोकं घेऊन बाहेर येतात. शर्ट, कान, मोजे, चघळणं सगळं जागच्या जागी. कोण कोण ते आईनेही ओळखलं. पाचवा, जोय, तसाच भादरलेला.

धीरपोंग फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला.

“मांजरं गेली घरी, ताई. साहेबांनी दोनदा वाचलं. पण एक सांगा, जोयने का नाही वाढवले?”

“मला नाही माहीत अजून.”

“तुमचाच तर आहे तो.”

चाबाने फोन ठेवला, समाधानाने पाय पसरले आणि खिडकीतून बघत बसली. संध्याकाळी सलूनमधले ते पाच जण खालून जातात. तानला विचारणं सोपं होतं, पण तिला त्याच्या उत्तराची तेवढी उत्सुकता नव्हती. तिला प्रश्न होता तो बाकीच्यांचा: एकमेकांच्या शिंकेलाही न सोडणाऱ्या त्या चौघांपैकी एकही जण तानच्या डोक्याबद्दल अवाक्षर का बोलला नाही?