चांगल्या डोळ्यावरची पट्टी

माझ्या मुलीचा उजवा डोळा चांगला होता, आणि रोज तोच मला झाकायचा होता. कुणालाही सांगितलं की समोरचा थबकायचा. "चांगला झाकायचा? की खराब?" असं दोनदा विचारायचा. मग मी सगळं पहिल्यापासून सांगायचे, आणि शेवटी तो म्हणायचा, "बिचारी!" तिला की मला, ते कळायचं नाही.

ती वर्षाची होत आली असताना आम्ही बोरगावला सासरी गेलो होतो. संध्याकाळी दिरानं मोबाईलवर तिचा फोटो काढला. उजव्या डोळ्याची बाहुली फोटोत येते तशी लाल आली होती. डाव्या डोळ्यात मात्र पांढरा ठिपका. "उजेड पडला असंल वैनी," दीर म्हणाला. मी परत काढायला लावला. परत ठिपका. उजेडाकडं पाठ करून काढला, तरी ठिपका.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या डोळ्यात जन्मापासूनचा मोतीबिंदू आहे. ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं. मुलीला शुद्धीवर येताना बघून नवरा आणि मी दोघंही रडलो, सुटलो एकदाचे म्हणून. त्यावर डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "डोळा आता मोकळा आहे, पण मेंदूनं त्याच्याकडं बघायचं कधीच सोडून दिलंय. चांगला डोळा झाकून ठेवलात तरच मेंदू या डोळ्याला कामाला लावेल. दिवसातला निम्मा वेळ पट्टी. काही वर्षं."

काही वर्षं, हे मी त्या दिवशी ऐकलंच नाही बहुतेक.

आम्ही टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा चिकोडीला सरकारी कचेरीत. तो सकाळी बसनं जातो आणि दिवेलागणीनंतर परत येतो. त्यामुळं पट्टी माझ्याकडं आली. तिचा नाश्ता झाला की मी तिला मांडीत घट्ट धरायचे, उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी दाबायचे, वरून चष्मा चढवायचे. तिच्यासाठी त्या क्षणी दिवस मावळायचा. ती किंचाळायची. नखं लावून पट्टी ओढायची, पट्टीबरोबर भुवईचे केस यायचे. मग मी पुठ्ठा कापडात शिवून तिच्या कोपरांना नळ्या केल्या, हात वाकू नयेत म्हणून. त्या नळ्या घालून ती घरात फिरायची, दाराच्या चौकटीला आपटायची, आणि आपटली की माझ्याच पायाला येऊन मिठी मारायची. जिनं अंधार केला तिलाच. ती पाय सोडत नसे. मी तिला तशीच ओढत ओट्यापर्यंत जायचे, भाकरी थापायचे.

बाहेर न्यायची सोय नव्हती. खाली नेलं की कुणी ना कुणी कळवळून म्हणायचं, "काढा की थोडा वेळ." एकदा एका आजोबांनी माझ्यादेखत पट्टीचं टोक उचललं. तेव्हापासून मी कडी लावून बसू लागले. रडणं बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्याही बंद. उन्हाळ्यातसुद्धा. तरी एके दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दार वाजवून आत आल्या. "याक्री, कूस याक अळाकत्तैति?" लेकरू का रडतंय, एवढंच विचारलं त्यांनी, पण नजर तिच्या हातापायांवरून फिरत होती. वळ शोधत होती. मी माझ्या मोडक्या कानडीत सगळं समजावलं. त्या मान हलवून गेल्या, आणि मी कितीतरी वेळ हातात लाटणं धरून तिथंच उभी राहिले.

मी शाळेत गणित शिकवायचे. रजा संपली तेव्हा मुख्याध्यापिकांचा फोन आला, "जूनपासून येताय ना?" पाठीमागं मुलगी रडत होती. "न्हाय जमायचं," मी म्हणाले. त्यांनाही ऐकू येत असावं.

रविवारी नवरा घरी असायचा. जेवणापर्यंत कसाबसा धीर धरायचा आणि मग म्हणायचा, "आज काढूया की. सुट्टी हाय."

"सुट्टी कुणाला?" मी विचारायचे.

सगळ्यात जास्त लागायचं ते वेगळंच. तो कामावरून यायच्या वेळेला पट्टी निघालेली असायची. म्हणजे बाप आला की तिला सगळं दिसायचं. ती हसत धावत त्याच्याकडं जायची. माझ्याकडं सकाळी यायलाही ती बिचकायची.

मग बोरगावहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. पहिल्याच दिवशी नात रडायला लागली तशी त्या उठून गॅलरीत गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "धडका डोळा झाकून आंधळं करायलाय व्हय गं लेकराला? आमच्यात असलं कुणी केलं न्हाय." मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण हळूहळू घर शांत होत गेलं. मी बाजारातून आले की मुलगी आत्यांच्या मांडीवर निवांत खेळत असायची, पट्टी जागच्या जागी. मला वाटलं, पडली बाई सवय. त्या दिवसांत मी पहिल्यांदा दुपारी झोपले.

तपासणीला तिघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. "काहीच फरक नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी रोज लावता ना?"

"रोज," मी म्हणाले.

आत्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "ही भाईर गेली की मी काढत हुतो. पाणी लावून, हळूच. जिन्यात पाय वाजला की परत लावत हुतो. बघवत न्हवतं मला."

मला ओरडावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मुलीला आत्यांच्याच मांडीवर बसवलं, समोर एक खुळखुळा धरला आणि तळहातानं तिचा उजवा डोळा झाकला. मुलगी लगेच हात झटकून रडायला लागली. मग त्यांनी डावा झाकला. मुलगी खुळखुळ्याकडं बघून हसली. हात तसाच राहिला, ती हसतच राहिली.

"बघा आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा डोळा झाकला तर तिला कळतसुद्धा नाही. रडते तेव्हा घाबरू नका. हे हसणं आहे ना, त्याला घाबरा."

घरी आल्यावर आत्यांनी पाय धुतले, नातीला मांडीत घेतलं आणि म्हणाल्या, "आण गं ती पट्टी."

त्यानंतर त्या माझ्याहून कडक झाल्या. मी एखादे दिवशी ढेपाळले की त्याच हात पुढं करायच्या. आता कडी लावलेल्या घरात एकीच्या जागी दोघी झालो. मुलगी रडायची, आत्या तिच्यापुढं ताटात शेंगा ओतायच्या आणि एकेक उचलायला लावायच्या. चुकून हात ताटाबाहेर पडला तर स्वतःच्या हातानं न देता म्हणायच्या, "बघ. हुडक." मी आत भांडी घासत ऐकायचे. आमचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. आम्हाला एकमेकींशिवाय तिथं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

एका दुपारी आत्यांना डुलकी लागली होती आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर मुलगी नाही. दूधवाल्याला पैसे देऊन मी कडी लावायची विसरले होते. धावत बाहेर आले. ती जिन्यात होती. पट्टी जागेवर, चष्मा जागेवर. भिंतीला हात लावून एकेक पायरी वाकून बघत, बसत बसत उतरत होती, आणि पुष्कळ उतरली होती. आत्या माझ्यामागं येऊन उभ्या होत्या. मी हाक मारणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. तिला दिसायलंय." खालच्या पायरीवर कुणाची तरी लाल चप्पल पडली होती. मुलीनं ती उचलली. तेव्हा आत्यांनी माझा हात सोडला.

पुढच्या तपासणीत डाव्या डोळ्याची नजर थोडी वाढलेली निघाली. थोडीच. पट्टी चालूच, आणि अजून वर्षं आहेत. शेतीची कामं आली तशा आत्या बोरगावला परतल्या, आणि कडी परत माझ्या एकटीच्या हातात आली. एके सकाळी पट्टी हातात घेऊन मी नुसतीच बसले. उठताच येईना. नवऱ्यानं बसची वेळ टळू दिली आणि माझ्याशेजारी बसला. "दुसऱ्या शनिवारी सुट्टी हाय, मी लावतो," तो म्हणाला. "तू घरात थांबू नको. थांबलीस तर ती तुझ्याकडंच पळंल."

त्या शनिवारी मी कुठं जायचं हे न ठरवताच स्टँडवर गेले आणि निपाणीच्या गाडीत बसले. तिथून बोरगाव. आत्या दारात शेंगा निवडत होत्या.

"एकटीच आलीस व्हय?"

"व्हय."

"आणि पोरगी?"

"बापाजवळ. पट्टी लावलीया."

त्यांनी चहा टाकला. मी पहिला घोट घेते तोच फोन वाजला. पलीकडं रडणं, आणि त्यातून नवऱ्याचा आवाज, "अगं, लई रडायलीय. काढू का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी फोन घेतला. "शेंगा वत ताटात," आत्या लेकाला म्हणाल्या, "आणि बस तिच्याम्होरं. आम्हीबी बसलोय." फोन ठेवून त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली. फोन उचलताना चहा बशीत सांडला होता. तो मी तसाच बशीतून प्याले.