वच्छलाची पहिली तबकडी

१९३४ साली मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी अकोल्यात आली. जठारपेठेतल्या एका घराच्या खिडक्यांना गोधड्या लावून रेकॉर्डिंग सुरू झालं. अमरावतीजवळच्या भातकुलीच्या गोवर्धन माळ्याची सतरा वर्षांची लेक वच्छला बापासोबत तिथे गेली आणि स्वतः रचलेलं गाणं तिने म्हणून दाखवलं.

कंपनीचे साहेब म्हणाले, "गळा छान आहे. पण 'मले' नको, 'मला' म्हणा. पुण्या-मुंबईचे लोक हसतील."

वच्छलाने दोनदा तसं म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा त्याच शब्दापाशी अडखळली. मग ती शांतपणे म्हणाली, "साहेब, हे गानं माह्या तोंडी असंच आलं. 'मला' म्हतलं का ते दुसऱ्याचं वाटते."

साहेबांनी थोडा विचार केला. "बरं, तुमच्यासारखंच म्हणा."

मेणाची तबकडी फिरू लागली. तीन मिनिटं वच्छला डोळे मिटून गायली, एकदाही अडखळली नाही.

तीन महिन्यांनी अमरावतीच्या बाजारात एका दुकानदाराने ती रेकॉर्ड लावली. भाजीवाल्या बाया टोपल्या सोडून दुकानापाशी गोळा झाल्या.

"हे तं आपल्याकडचीच पोरगी हाय," एक म्हातारी म्हणाली.

दुपारपर्यंत दुकानातल्या सगळ्या रेकॉर्डी खपल्या. गर्दीत मागे उभ्या असलेल्या गोवर्धनने लेकीचा हात धरून तिला पुढे आणलं.

"हेच वच्छला," तो म्हणाला.