बिनपाठीचं बाक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बागेतल्या बाकावर बसून मेथी निवडायचं. बाकाला पाठ नाही, म्हणून एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसायचो. "अहो, सगळा भार माझ्यावरच टाका," ती म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

काल महापालिकेच्या बाईंनी बागेत नकाशा पसरून विचारलं, नवी बाग कशी हवी. कुणी कारंजं मागितलं, कुणी पळायला रस्ता.

"आजोबा, तुम्हाला काय हवं?"

"बाकांना पाठ बसवा."

"एवढंच?"

"एवढंच. प्रत्येकाला टेकायला माणूस असतोच असं नाही."

लोक म्हणतात, माणूस बागेत झाडं बघायला येतो. वय झालं की टेकायला येतो.

आज सकाळी मेथीची जुडी घेऊन त्याच बाकावर बसलो. सवयीनं मागं रेललो, सावरलो, आणि एकट्यानं सगळी निवडली.