बोडकीची खडी झाली आणि नाना गेला

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवत होते. "आत्या, नाना गेले," एवढंच सचिन म्हणाला. फोनमधून ऐकू येत होता तो क्रशर. घरघर, मग दगड आत पडल्याचा कडकडाट, पुन्हा घरघर... माझा थोरला भाऊ घरात मरून पडला होता आणि त्याच्याच टेकडीचा दगड फोडायचं काम पलीकडे बिनघोर चालू होतं. आमच्या गावात कुणी गेलं तर मयत उचलेपर्यंत पिठाची गिरणीसुद्धा बंद ठेवतात. नाशिकरोडहून रिक्षा करून मी पोचले तर खडीच्या कंपनीचा माणूस झेंडूचं चक्र घेऊन दारात उभा. मला म्हणाला, "मॅडम, साहेबांनी अर्धा तास मशीन बंद ठेवायला सांगितलंय." अर्धा तास! मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. आता महिना उलटून गेलाय, पण राग तसूभरही उतरलेला नाही.

देवळाली कॅम्पच्या पलीकडे आमचं गाव. तोफखान्याचा सराव सुरू झाला की घरातली भांडी थरथरायची. आई मांडणीवरचे काचेचे पेले काढून धान्याच्या कणगीत ठेवायची आणि सराव थांबला की परत मांडायची. आम्हा भावंडांना त्या आवाजाचं काहीच वाटत नसे. पाहुणे दचकले की नाना छाती काढून सांगायचा, "घाबरू नका, आमच्या शेजाऱ्यांचं दुपारचं काम चालू झालं." घरामागच्या उघड्या खडकाळ टेकडीला आम्ही बोडकी म्हणायचो. तिच्यावर शेरडांपुरतं गवत यायचं, बाकी नुसता काळा दगड. तिच्या पायथ्याशी विहीर आणि विहिरीखाली नानाची मेथी-कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधून सायकलवर तो कॅम्पच्या बाजारात जायचा. फौजी कुटुंबं देशभरातून आलेली, तर हा पठ्ठ्या सरदारणीशी पंजाबीत आणि मद्रासच्या बाईशी तिच्या भाषेत भाव करायचा. दोन्ही भाषा त्याला दहा शब्दांपलीकडे येत नव्हत्या, पण त्या बायका हसत हसत एक जुडी जास्त घेऊन जायच्या. येताना तो मी शिकवत असलेल्या शाळेच्या फाटकाशी थांबून माझ्या वाट्याची मेथी द्यायचा, आणि वर्गात न्यायची लाज वाटते म्हणून मी रागावले की आणखी मोठ्यानं हाक मारायचा. असा माणूस होता तो. त्याला कुणी परकं वाटायचंच नाही, आणि तिथंच घात झाला.

रस्त्याच्या कामाला खडी हवी म्हणून कंपनीचा माणूस आला, तेव्हा घरात कसली नड नव्हती. सचिनला डंपर घ्यायचा होता आणि बोडकी तशीही काही देत नव्हती, एवढंच. दगड काढायचा तर सरकारची परवानगी लागते आणि जमीनमालकाची संमती. मी लग्नानंतर हक्कसोड करून दिलेलं, म्हणजे कागदावर मी कोणीच नाही; पण त्या दिवशी मी तिथे होते. तो माणूस वहिनीच्या हातचं पिठलं-भाकरी जेवला, तिला 'ताई' म्हणाला आणि हात धुता धुता सहज बोलल्यासारखं बोलला, "नाना, सुरुंगाचा थोडा त्रास होईल बरं का." नाना खदखदून हसला. "त्रास? साहेब, आमी तोफांत वाढलो. तोफा सुटल्या का घर हालतं आमचं, तरी पोरं झोपेतनं उठत नाय. तुमचे सुरुंग म्हंजी लवंगी फटाके!" सगळे हसले. तो माणूस सगळ्यांत जास्त वेळ हसला, आणि नानानं सही केली.

तोफा दूर असतात हो. त्यांचा नुसता आवाज घरापर्यंत येतो. सुरुंग आमच्या पायाखालच्या खडकात लागत होता, हे त्याला पहिल्या धडाक्याला कळलं आणि तेव्हा फार उशीर झाला होता. विहिरीच्या बांधकामाला वरपासून खालपर्यंत तडा गेला, झरे कुठे गेले देव जाणे. उरलेल्या पाण्यावर थोडी मेथी निघायची, तिच्यावर क्रशरची राखाडी भुकटी. नाना एक एक जुडी पाण्यात खळबळून न्यायचा. एके दिवशी वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाईक बाईंनी जुडी परत केली. "भैया, खाते वक्त दाँतों में किरकिर आती है," त्या म्हणाल्या, बिचाऱ्या अगदी हळू आवाजात. नाना भरली सायकल घेऊन माघारी आला आणि त्यानंतर त्या बाजारात गेला नाही. मला हे वहिनीनं सांगितलं. माझ्या शाळेच्या फाटकाशी थांबणंही तेव्हाच संपलं.

मी मागे लागले म्हणून त्यानं तहसील कचेरीत तक्रार केली. सुनावणीला त्याच्याबरोबर मी गेले, मागच्या बाकावर बसले. कंपनीकडून तोच पिठलं-भाकरीवाला. साहेबांपुढे हात जोडून म्हणाला, "सर, हा तोफखान्याचा भाग आहे. धक्के पहिल्यापासूनच बसतात. तोफांनी घर हलतं असं नाना स्वतःच सांगतात." आमच्या घरात, आमचं अन्न खाऊन ऐकलेली थट्टा त्यानं साक्षीसारखी काढून टेबलावर ठेवली! साहेबांनी विचारलं, "असं म्हणाला होतात का?" सगळे नानाकडे बघायला लागले. मी मनात ओरडत होते, नाही म्हण, नाही म्हण...

"म्हनालो व्हतो," नाना म्हणाला. मग त्यालाच जोडून, "पन साहेब, तोफा आमच्या बापाच्या आदीपास्नं हायेत. हीर तवा फुटली नाय." पहिलं वाक्य लिहून घेतलं गेलं. दुसऱ्या वाक्यावर साहेब म्हणाले, पाहणी करू. पाहणीला माणसं आली त्या दिवशी क्रशर बंद होता, आवारात पाणी मारलेलं होतं आणि हवा अशी स्वच्छ की पाहुण्यांनी चहा बाहेरच घेतला.

कचेरीच्या बाहेर मी भररस्त्यात नानाला झापलं. एक शब्द खोटा बोलला असतास तर काय बिघडलं असतं, म्हटलं. ते लोक दिवसभर खोटं बोलून पगार घेतात. तो म्हणाला, "अगं, म्हनालो व्हतो ना पन मी." मला त्याचा राग आला होता आणि आजही येतो. कंपनीचा जास्त येतो, त्या साहेबांचा येतो, पण त्याचाही येतो. इतकं सरळ असायचं कशासाठी?

मग खोकला सुरू झाला. नाशिकरोडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून फुफ्फुसात धूळ बसल्याचं सांगितलं आणि जागा बदला म्हणाले. मी त्याला माझ्याकडे आणलं. चार दिवसांत त्याचा खोकला निम्मा झाला, आणि तो पिशवी भरून निघाला! वहिनी तिथं एकटी धूळ खाते आणि मी इथं गादीवर, हे त्याला सोसेना. तिला घेऊन ये म्हटलं, तर तिला घर सोडवेना. तो गेला तो गेलाच.

तेराव्यानंतर सोयरे दुखवटा घेऊन येतात. बाईला साडी, घरच्या पुरुषांना टॉवेल-टोपी. कंपनीचा तोच माणूसही आला. वहिनीला साडी, सचिनला टॉवेल-टोपी, अगदी माहेरच्यासारखा. साडी चांगली भारीतली होती. चहा झाल्यावर पिशवीतून कागद निघाले. कराराची मुदत संपत आली होती, वाढवायला आता वारस म्हणून वहिनीची आणि सचिनची सही हवी होती. "ताई, नानांची इच्छा होती," तो म्हणाला. मी उठून उभी राहिले. पण बोलून उपयोग काय, कागदावर मी कोणीच नाही. सचिननं मान खाली घालून सही केली. त्याचा डंपर त्याच खाणीवर चालतो, मी त्याला काय म्हणू? पेन वहिनीपुढे आलं.

वहिनी साडी घेऊन नानाच्या खोलीत गेली. नानाला एक सवय लागली होती. रोज सकाळी वहिनीचं जुनं लुगडं बादलीत बुडवून तो खिडकीवर टांगायचा, म्हणजे धूळ त्यात अडकायची. तो गेल्यावरही वहिनी ते रोज भिजवत होती. त्याच्या पार चिंध्या झाल्या होत्या. तिनं ते काढलं. कंपनीची साडी घडी न मोडता बादलीत बुडवली, पिळली आणि खिडकीवर पसरली.

"आई, नवी होती ती!" सचिन दारातून म्हणाला.

"नवी हाय म्हनूनच. धूळ चांगली धरंल," वहिनी म्हणाली, आणि हात पुसत त्या माणसाकडे वळली. "सही मी करायची नाय. आता उठा."

तो उठला. सचिन त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला तो रात्रीपर्यंत घरात आला नाही. माय-लेक अजून धड बोलत नाहीत, आणि जुन्या कराराची मुदत संपेपर्यंत क्रशर चालूच आहे. मी त्या रात्री नानाच्या खाटेवर झोपले. पहाटे जाग आली तेव्हा ती साडी वाळली होती. हात लावला तर बोटं राखाडी झाली... मी बादली भरून आणली आणि साडी पुन्हा भिजवली.